दहा किलोग्रे

वसमतची हळद आली की आधी वास येतो,
मग ट्रक.
खोकी उतरतात, आणि प्रत्येकावर मी लावते
पेराएवढी एक पिवळी टिकली.
पिवळी आत जाते.
जाड भिंतीला वळसे घालत फिरते,
आणि पलीकडच्या दारानं लाल होऊन येते.

बदनापूरला आमच्या शेजारी कुंकू करणारं घर होतं.
हळकुंडाला लिंबू, टाकणखार, ऊन.
हात रंगायचे, उंबरा रंगायचा,
शेजारच्या मांजराचे पाय रंगायचे.
इथं हात कोरडेच.
टिकलीच्या प्लास्टिकमधून आम्ल सुटतं, म्हणाले साहेब,
तेच रंगाला उलटवतं.
कुणी सोडवलं ते मात्र दिसत नाही.

नवीन पोरांना मी असं सांगते :
किरण येतो आणि रेणूच्या घरातून
एक इलेक्ट्रॉन उचलून नेतो.
बाकी काही नेत नाही. भांडी तशीच, चूल तशीच.
पण त्या घराला मग झोप नाही,
दिसेल त्याच्या गळ्यात पडतं,
नाहीतर मधूनच दुभंगतं.
हळदीतल्या बुरशीचं बी असंच मरतं,
जाळ नाही, वाफ नाही,
फक्त तिच्या वेलांटीत
एक अक्षर चुकतं.

मोतीराम हमाल नवा. पहिल्या दिवशी
लाल टिकलीचं खोकं त्यानं रुमालानं धरलं.
"बाधा हाय का ह्याच्यात?"
नाही रे. उजेड खोलीत राहतो का, दिवा मालवल्यावर?
त्यानं मान डोलावली.
रुमाल मात्र आठवडाभर सोडला नाही.

कोबाल्ट राहतो टाकीच्या तळाशी,
वर सहा मीटर पाणी.
एवढं नितळ पाणी मी जालन्यात दुसरीकडे पाहिलं नाही.
खाली निळं. स्टोव्हसारखं निळं,
पण भुरभुरत नाही, आवाज करत नाही.
एप्रिलात वसाहतीला टँकर चौथ्या दिवशी यायला लागला,
तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पाणी बघत मोतीराम म्हणाला,
"कामून असं ठिवलंय? कोन पितं हे?"

कोणी नाही.
ते पाणीसुद्धा रोज थोडं थोडं फुटतं.
हायड्रोजन वर येतो, पंखे त्याला घालवतात,
आणि उरलेले तुकडे एकमेकांना शोधून
बहुतेक पुन्हा पाणीच होतात.
पाण्याला हे जमतं.
सिरिंजच्या प्लास्टिकला नाही,
त्याची साखळी तुटली की तुटली,
किंवा शेजारणीत अडकून बसली,
मग ते जरा पिवळं पडतं, जरा ताठर होतं,
चांगल्या स्वभावाच्या माणसासारखं, निवृत्तीनंतर.

आता नजमोद्दीनचाचांच्या चष्म्याचं.
जुना, जड काचेचा. मोजणी करताना
त्यांनी तो दोन खोक्यांच्या फटीत ठेवला
आणि गाडी आत गेली.
बाहेर आला तेव्हा काचा तपकिरी,
कोऱ्या चहासारख्या.
तडा नाही, ओरखडा नाही.
काचेत ज्या रिकाम्या जागा होत्या
तिथं भटके इलेक्ट्रॉन जाऊन बसले होते
आणि उजेड अडवत होते.

नोंदवहीत मी लिहिलं : निष्काळजीपणा, एक.
चाचांनी चष्मा घातला, फाटकाबाहेर उभे राहिले,
औरंगाबाद रस्त्याकडे बघितलं.
"धूप का चष्मा मुफ्त मिल्या, बाई."

नवा करायला ते गेलेच नाहीत.
मे महिना त्यांनी त्याच काचांतून काढला,
सायकलवर, त्रेचाळीस डिग्रीत,
आणि ऊन रोज थोडं थोडं
त्या बसलेल्यांना उठवत राहिलं.
जूनमध्ये मला त्यांचे डोळे दिसले.
उजवा आधी.

पूर्ण नाही गेलं. फ्रेमखाली जिथं ऊन पोचत नाही
तिथं चहाची रेघ अजून आहे.
काल त्यांनी चष्मा काढून मला दाखवला,
पुसला, पुन्हा लावला,
आणि माझ्या टिकल्यांची पट्टी उचलून म्हणाले,
सत्तावीस लावल्या, कुशावर्ता.
खोकी अठ्ठावीस आहेत.