शंभराला एक

तिकिटाच्या खिडकीतला पोरगा म्हणाला, “काका, पोरं कुठायत?”
म्हटलं, एकच द्या. मधलं.
“कार्टूनचंच ना?”
“अस्वलाचंच,” म्हटलं.

आकारामला सांगून आलेलो, बँकेत जाऊन येतो.
एक्केचाळीस वय, उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न करतो,
बाहीवर सागवानाचा भुसा,
आणि डोळ्यांवर थेटरवाल्यांचा प्लॅस्टिकचा चष्मा.

पहिला भाग आला त्याला सतरा वर्षं झाली.
लक्ष्मीपुरीत बघितला, पनूला घेऊन, लाकडी खुर्च्यांवर.
बुर्बू नावाचं अस्वल
ओसाड दरीवरचा पूल रोज दुरुस्त करायचं.
त्यावरून जायचं कोण? कोणी नाही.
चार मिनिटं पडद्यावर कोणी बोललं नाही,
दोरी भिजायची, वाळायची, भिजायची.
मग पलीकडून एक कोंबडी आली.
तिनं पाय ठेवला. पूल हलला.
तिनं अस्वलाकडं बघितलं
आणि चालत आली.
एवढंच.
नऊ वर्षांची पनू माझी बाही धरून रडली.
मी रडलो नाही, असं तिला सांगून ठेवलंय.

आता दुसरा.
यात अस्वल बोलतंय. अहो, थांबतच नाही.
नळ चालू राहिल्यागत बोलतंय.
त्याला एक हरवलेला बाप दिलाय,
बापाला एक दुश्मन, दुश्मनाला विमान,
आणि एका गाण्यात सात पूल बांधून मोकळे.
सात!
शिवाजी पुलाशेजारचा नवा पूल
किती वर्षं अर्धाच उभा होता, ते आम्हाला विचारा.
पूल असा होत नसतो, भावा.
आणि कोंबडी उडते.
पाठीला भोंगा बांधून, ढगातनं.
जिनं एक पाय उचलायला अख्खा सिनेमा घेतला होता, ती.

बीड थंड होताना आकसतं. शंभराला एक.
म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा.
त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते,
तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून नखभर लांब.
नवं पोरगं कामाला आलं की हमखास फसतं,
त्याच पट्टीनं घरचं कपाट मोजतं.
मीही तो पहिला सिनेमा सतरा वर्षं
त्याच पट्टीनं मोजत आलो असणार.
मान्य.
त्या खुर्च्यांत ढेकूण होते, तेही मान्य.
पण ह्यांनी केलं काय,
साचा मोठा धरला, वितळलेलं ओतलं,
आणि थंडच होऊ दिलं नाही.
थंड झाल्याबिगर आकार येतो होय?

शेजारी एक बारकं पोर होतं, आईच्या मांडीवर पाय टाकून.
विमानांची लढाई, तोफा, खुर्च्या थरथरतायत,
आणि हे तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं.
मग एका जागी, का कुणास ठाऊक,
अस्वल गप्प बसलं.
एक फळी घेतली. अंगठा ओला केला.
रेषा कुठं जाते ते तळव्यानं चाचपलं,
आणि फळी उलटी करून लावली.
अकरा सेकंदं.
तिकडं कुठल्यातरी लांबच्या गावात, कॉम्प्युटरपुढं,
लाकूड हातात धरलेला एक माणूस बसलाय.
त्याला बाकीच्यांनी अकराच सेकंदं दिली.

पोर जागं झालं.
आवाजानं नव्हे, आवाज थांबला म्हणून.
“आई, ते काय करालंय?”
आईला सांगता आलं नाही.
मला आलं असतं. मी गप्प बसलो.

बाहेर येऊन गडहिंग्लजला फोन लावला.
पनूनं कुकरच्या शिट्टीतनं विचारलं, “कोंबडी हाय?”
“हाय. उडते.”
बराच वेळ काही नाही.
“उडते?”
“हं.”
“मग मी नाही नेत ह्याला.”
म्हटलं, ने. मध्यंतरानंतर अकरा सेकंदं आहेत.
“मोजलास तू?”
मोजली. कुठल्या पट्टीनं ते विचारू नकोस.

आकारामनं रंध्यावरनं मान वर केली.
“बँकेत गर्दी होती काय रे?”
होती की, म्हटलं.
बारकी पोरंच जास्त.