जामीन

बाबांच्या तोंडची गोष्ट
उंदरापासून सुरू होतच नसे.
बैलाच्या पाठीवरून मारलेली उडी, झोपून राहिलेलं मांजर,
हे सगळं ते वल्ह्याच्या एका फटक्यात मागे टाकायचे:
"ते पोराटोरांसाठी. खरी गोष्ट शिंगांची."

शिंगं कोंबड्याची होती.
ड्रॅगनकडे बाकी सगळं होतं, खवले, मिशा, पोटात पाऊस,
डोकं तेवढं भुंडं.
जेड सम्राटासमोर भुंड्यानं जायचं कसं?
एका दिवसापुरती दे, म्हणाला, उद्या परत.
कोंबडा का-कू करत राहिला.
तेव्हा मातीतून गांडूळ वर आलं,
कुणी विचारलं नसताना,
आणि म्हणालं, मी जामीन.
यानं नाही दिली, तर मला खा.

पुढचं च्यालिंगच्या काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक.
ड्रॅगन पाचवा आला, कोंबडा दहावा,
शिंगं अजून आभाळात फिरतायत.
बारा जणांच्या यादीत
गांडुळाचं नाव शोधू नका.

त्रेसष्ट साली थोरले काका, फू तेहोंग, ड्रॅगनच्या सालचे,
चोंगछिंगच्या पोलाद कारखान्यात मुलाखतीला निघाले.
बाबांचा कोट मागितला: निळा, आतून मेंढीचं कातडं,
पितळेची सहा बटणं, त्यातलं एक वेगळं.
बाबा अठरा वर्षांचे, कोंबड्याच्या सालचे,
बाही सोडेनात.
आत्या मध्ये पडली. फेइत्स्वे आत्या, मेंढीच्या सालची.
"आठ दिवसांत नाही आला कोट, तर माझ्याकडून घे."

आठ दिवसांनी फोटो आला. कोट घातलेला.
पुढच्या वर्षी दुसरा फोटो, कोट तोच, भोवती माणसं जास्त.
मग फोटोही बंद.

बाबांनी ती थंडी होडीवर दोन सदऱ्यांत काढली
आणि तिच्याकडून मिळालेला खोकला जन्मभर सांभाळला.
पहाटे चारला, गल्लीतला कोंबडा आरवायच्या आधी,
ते खोकायचे.
आई कूस बदलत म्हणायची, "बघ, मागतायत शिंगं."

काकांवर ते कधी चिडले नाहीत.
ड्रॅगनवर कोण चिडतं? त्याची मिरवणूक काढतात.
राग सगळा आत्यावर.
ती लग्न होऊन पलीकडच्या काठाला गेली,
आणि होडी एकच, नावाडीही एकच.
मी उंदराच्या सालची, फुकट पार व्हायची,
काठावर बसून, पाय पाण्यात.
डुकरं घेऊन बाजाराला निघालेला लंगडा छ्यू,
शाळामास्तर, बाळंतपणाला धावणारी दाई,
कुणी पैसे विसरलं तर बाबा हात हलवून सोडून द्यायचे.
आत्यापुढे मात्र टोपी उलटी धरायचे.
ती दोन फेन टाकायची. बोलणं नाही.
परतताना पुन्हा दोन.

मला कळायचं नाही,
सण नाही, वार नाही,
तिच्या काठाला याहून मोठा बाजार,
तरी ही कांद्याच्या पातीची एक जुडी घेऊन
महिन्यातून तीनदा इकडे का येते.

पूल झाला. होडी ओढून काठावर पालथी घातली.
त्या संध्याकाळी बाबांनी
मुळ्याच्या लोणच्याची जुनी बरणी चटईवर ओतली.
आत नाणी. सगळी आत्याची,
पंचवीस वर्षांची, आंबूस वासाची.
एकही खर्चलेलं नव्हतं.
मला मोजायला लावली. दोनदा.

"कोट सत्तेचाळीसचा," म्हणाले,
"अजून अकरा युआन बाकी."
आणि खोकत उठले, चपला शोधल्या,
नव्या पुलावरून पहिल्यांदा पायी गेले
वसुलीला.

परतले तेव्हा अंधार झाला होता.
काखेत पातीची जुडी,
ओठांना कसल्याशा रश्श्याची तर्री.
"मिळाले का अकरा?"
त्यांनी जुडी पाण्यात घातली,
सावकाश, एकेक पात सुटी करत.
"पुढच्या खेपेला देते म्हणाली."