रकाना नऊ

डेटन, ओहायो. ऑफिसचा हीटर खडखडतोय.
कर्जाच्या अर्जांच्या चाळीस हजार ओळी
मी खडे वेचावेत तशी निवडत बसते.
रकाना सात: वंश.
रकाना नऊ: नकाराचं कारण.
तिथे पानोपानी एकच शब्द, 'इतर'.

उत्पन्न सारखं धरलं. घराचं वय सारखं धरलं.
गल्लीसुद्धा सारखी धरून पाहिली.
तरी आलेखातल्या दोन रेषा
भांडलेल्या जावांसारख्या लांबलांबच.

लूशियस ट्रॅमेल मात्र कुठेच सापडत नाहीत.
बाबांसोबत फाउंड्रीत होते.
पिवळ्या घराचे हप्ते एकोणीस वर्षं भरले, घरमालकाच्याच हातात;
छप्पर बदललं, पायऱ्या स्वतः ओतल्या.
एक हप्ता चुकला,
आणि कागद म्हणाला, घर तुमचं नव्हतंच कधी.

बँकेची पायरी ते चढलेच नाहीत.
नकार मिळायलाही आधी अर्ज लागतो.
म्हणून मालकांत नाहीत,
नाकारलेल्यांतही नाहीत.

सॉफ्टवेअर विचारतं: अपुऱ्या नोंदी वगळू?

शनिवारी मी तिकडे गेले.
घर आता करडं. दारात कुणाची तरी तीनचाकी सायकल.
खालच्या पायरीवर, कोपऱ्यात,
ओल्या सिमेंटात खिळ्याने ओढलेलं:
एल. टी., १९५९.
वाकून बोट फिरवलं. खिडकीतला पडदा हलला,
तशी निघाले.

सोमवारी अहवालात एक ओळ वाढवली.
साहेबांनी पेन्सिलीने समासात लिहिलं:
ओडेसा, स्रोत?

मी लिहिलं, सिमेंट.
मग खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.