चोवीस घरं

वार्डोत सूर्य नोव्हेंबरात गेला
तो जानेवारीतच परतेल.
मासळीच्या शीतगृहात ओडवेगची पाळी
रात्री आठ ते सकाळी आठ.
तक्त्यावर चोवीस घरं,
बारा तिची, बारा टुर्मोडची,
दर तासाला एक आकडा:
उणे बावीस. उणे बावीस. उणे एकवीस, दार उघडं राहिलं होतं.

कॉडच्या एका खोक्यावर शिक्का होता
९९९९०००१.
आपल्या तोंडाने म्हणायचं तर
नऊ कोटी नव्याण्णव लाख नव्वद हजार एक.
खोका बोटीत चढला, दक्षिणेला गेला.
आकडा तिच्याकडेच राहिला.

कशाने तरी भाग जात असेलच, ती म्हणाली,
एवढं मोठं धूड,
आणि तक्त्याच्या पाठीवर पेन्सिल टेकवली.
साताने: बाकी सहा.
तेराने: बाकी सात.
दहा हजारांच्या आत मूळ संख्या बाराशे एकोणतीस,
त्यांच्यापुढे जायचं कारण नाही;
पण त्यांच्यापर्यंत तरी जायला हवं ना.

डिसेंबरात एका रात्री
तीनशे सदतीसने बाकी शून्य आली.
हातमोजे काढून तिने स्वतःशीच टाळी वाजवली.
मग पुन्हा मांडलं.
हातचा एक विसरला होता.
उरले एकोणऐंशी.
आणि वाईट वाटायच्या जागी
तिला हायसं वाटलं, का कोण जाणे.

मार्चमध्ये शेवटची, नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर.
बाकी सातशे तीन.
संपलं. कुणाचाच भाग जात नाही.

शाळेतून निवृत्त झालेल्या आस्लाउगबाई हसल्या:
अगं, चोवीसाने भागून एक उरतो
तेवढ्याच तपासायच्या होत्या,
हजारावर दारं उगाच ठोठावलीस.
आता एकाला हिने भागून बघ.

तिने भागलं.
दशांशचिन्हापुढे चोवीस अंक,
मग तेच चोवीस, मग तेच.
कोऱ्या तक्त्याच्या घरांत तिने ते भरले:
सात शून्यं, एक, चार शून्यं.
सात नव्वे, आठ, चार नव्वे.
पाळी सुटते त्या घरात एक,
लागते त्या घरात आठ.
वरच्या बारांखाली खालचे बारा धरले
तर प्रत्येक बेरीज नऊ,
जसा इथला हिवाळा
आणि इथला उन्हाळा.

चोवीसाचा फेरा घेणारी मूळ संख्या
ही एवढीच, बाई म्हणाल्या होत्या.
पुढे कितीही मोजत जा, दुसरी नाही.

टुर्मोड कॉफी घेऊन आला, तक्ता पाहून दचकला.
शीतगृहात नऊ अंश?
तापमान नाही ते, ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.
तो बराच वेळ घरांकडे बघत राहिला.
म्हणजे कुणाचाच भाग नाही तिच्यात. अभागीच की.

ओडवेगने कोट चढवला.
एकाचा भाग जातो, ती म्हणाली,
आणि तिचा स्वतःचा.
मग नवा तक्ता अडकवून
आठव्या घरात लिहिलं: उणे बावीस.