पायऱ्यांचा डोंगर

दुरून डोंगर साजरे, असं आपल्याकडे म्हणतात.
हा दुरूनही साजरा नाही.
चिचिबुच्या स्टेशनातून बाहेर आले
आणि घरांच्या वर, विजेच्या तारांच्या वर, बुको:
खवणीवर अर्धी खवून ठेवलेली
नारळाची वाटी.
शंभर वर्षं खवतायत. चुनखडी. सिमेंट.

आराफुनेबाईंच्या खानावळीत चार टेबलं,
एक रॉकेलची शेगडी,
आणि पडदा फक्त डोंगराकडच्या खिडकीला.
सोबाची वाटी ठेवताना त्या म्हणाल्या,
साडेबाराला ही हातात धरा.
का, हे विचारण्यापुरतं जपानी मला येत होतं,
उत्तर कळण्यापुरतं नव्हतं.
धरली.

साडेबाराला जमिनीच्या तळघरात
कुणीतरी जड दार लोटलं.
रश्श्यावर एक गोल उमटला, काठाला लागून विरला.
बाकी कुणी मान वर केली नाही.
फक्त कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं मनगट डोळ्यांजवळ नेलं
आणि तोंड वाकडं केलं: उशीर.

ते त्यांचे यजमान, तोकुझो.
एकतीस वर्षं सुरुंग लावले, उजवा कान तिथेच ठेवून आले,
आता घरी बसून वेळ तपासतात.
माझा फोन त्यांच्यापुढे धरला.
ते बरंच बोलले. फोनमधली बाई मराठीत म्हणाली:
"माझा पर्वत मुख्यत्वे टोकियोमध्ये राहतो."
जशी इथल्या सगळ्यांची मुलं राहतात.
परवा टोकियोत मी एका लांब पुलावर
कठड्याला टेकून केळं खाल्लं होतं.
ते मी त्यांना सांगितलं नाही.

डिसेंबरात इथे जत्रा असते, बाई सांगत होत्या,
भांडी विसळता विसळता.
डोंगर देव आहे. गावात त्याची देवी आहे.
वर्षातून एक रात्र भेटतात.
रथ निघतात, ढोल फुटेस्तोवर वाजतात,
पण वाटेत एक लहानसं देऊळ लागतं
तिथे सगळे ढोल गप्प.
चाकं तेवढी करकरतात, त्याला इलाज नाही.
तिथे त्याची लग्नाची बायको राहते.

फोन अडखळला. त्याला सवत हा शब्द सापडेना.
मला सापडला.
आम्ही दोघी एकदमच हसलो.

मग मी विचारलं, दरवर्षी थोडा थोडा कमी होतो देव,
देवीला काही वाटत नाही?
त्या ताट पुसत राहिल्या.
नवरे झिजतातच, म्हणाल्या,
यजमानांच्या बहिऱ्या कानाच्या बाजूनं.

चारला नात आली शाळेतून, मिओरी.
दप्तर फेकलं, कागद पसरला. घरचा अभ्यास: आपलं गाव.
स्टेशन झालं, नदी झाली,
मग तिनं डोंगर काढायला घेतला
आणि पट्टी घेतली.

तोकुझोंनी पेन्सिल मागून घेतली.
तिच्या सपाट रेघेवर एक शिखर काढलं,
टोकदार, थोडं डावीकडे झुकलेलं.
हात थरथरत होता, पण झुकाव नेमका होता,
जसा कुणी मेलेल्या भावाचा भांग सांगावा.

मिओरीनं खोडरबर घेतलं.
आजोबा, चुकलं. डोंगराला पायऱ्या असतात.

शिखर टेबलावर भुरभुरलं.
बाईंनी ओल्या फडक्यानं ते पुसून घेतलं.
मी वाटीत पाहत राहिले. वाटी रिकामी होती.
तोकुझोंनी चष्मा लावला,
तिच्या पायऱ्या बोटानं मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि पेन्सिल परत मागितली.
एक राहिली होती. वरून तिसरी.
त्यांनी ती पट्टी न घेता काढली.

एका दुपारीपुरती आले होते, तीन रात्री राहिले.
पडदा तेवढ्यात एकदाही उघडला नाही, मीही हात लावला नाही.

निघताना पहिल्याच स्टेशनावर आमची गाडी थांबली.
एकेरी रूळ. शेजारून मालगाडी चालली होती,
काळे डबे, तोंडापर्यंत पांढरा दगड,
मोजायला लागले आणि सोडून दिले.
डब्यात एका बाईनं लेकराला उचलून काचेशी धरलं.
लेकरानं हात हलवला.
डोंगर पुढे गेला.
मग आम्ही.