शेपूट

बावीस वर्षं, दर रविवारी,
चार चौकटींत तो येतो.
पहिलीत जिना चढतो. दुसरीत डरकाळी.
तिसरीत कुणीतरी दार उघडून म्हणतं, "चपला बाहेर."
आणि चौथीत दार लागतं
त्याच्या शेपटीवर.

"आई गं!!!"
तीन उद्गारचिन्हं, शेवटचं वाकडं.
संपला विनोद.

नाव भंबाळ. अंगभर खवले,
जे काढता काढता माझी मान गेली.
शिंगं दोन, पैकी डावं कललेलं,
कारण पहिल्याच आठवड्यात निब फुटलं
आणि शाई वाळायच्या आत
छापखान्याचे अंकुशराव दारात उभे.
तेव्हापासून ते कलतंच.

नवे संपादक माझ्या भाच्याच्या वयाचे.
म्हणाले, "मॅडम, तोच तो विनोद किती वेळा?
व्यक्तिरेखेचा काही प्रवास हवा."
प्रवास?
दर आठवड्याला तीन मजले चढतो की बिचारा!
पण बोलले नाही.
अप्पा बळवंत चौकातून नवा ब्रश आणला,
आणि चौथ्या चौकटीत
दार उघडंच ठेवलं.

भंबाळ आत आला. शेपटीसकट.
पुढे काय, ते त्याला कळेना, मलाही.
सोफ्यावर बसवला. हातात कपबशी दिली.
एवढाले सुळे,
आणि बशीवर फुंकर मारतोय हळूहळू.
कुणी घाबरलं नाही.
तसं आधीही कुणी घाबरत नव्हतं,
पण आता हसलंही नाही कुणी.

सोमवारी नऊलाच पत्र, एरंडवण्याहून,
तिकीट न लावता हाताने आणून टाकलेलं.
"काल शेपूट अडकले नाही.
आमच्या मातोश्री, वय एक्क्याण्णव,
शेवटची चौकट बोटाने झाकून ठेवतात
व चहा झाल्यावर बोट काढतात.
काल बोट काढले
आणि त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.
खुलासा व्हावा.
दि. स. गणपुले."

काय खुलासा देणार?
अक्कल असती
तर पाचव्याच रविवारी त्याने
शेपूट खांद्यावर टाकलं नसतं का,
उपरण्यासारखं?

संध्याकाळी भाजी घेऊन आले बिबवेवाडीतल्या घरी.
आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची.
एका हातात मेथी, दुसऱ्या हाताने दार ओढलं
आणि ओढणी सापडली.
मान मागे गेली. तीच, गेलेली.
तोंडातून निघालं: आई गं.

जाळीपलीकडे कुबेरांची ओवी, वय वर्षं सहा,
दात पडलेल्या फटीतून जीभ काढून उभी.
"भंबाळ!" ती ओरडली,
मग हसत सुटली, जिन्यावर बसूनच.
मग म्हणाली,
"काकू, सोडवू नकोस ना. परत म्हण."

वरून कुणीतरी लिफ्टची घंटा दाबत होतं.
मेथीच्या जुडीचा दोरा सुटला होता.
मी परत म्हटलं.
शेवटचं उद्गारचिन्ह जरा वाकडं करून.