उलटा प्लग

धंतोलीच्या शाळेतली अडगळीची खोली. मे महिना.
धोंडबाजींनी खोक्यावरची धूळ फुंकली,
"हे भंगारात चाललं जी. पाहून घ्या एकदा."
बीबीसी मायक्रो. वरची लाल बटणं अजून लाल.

मागे पाच भोकांचं गोल तोंड.
प्लग त्यात दोन्ही बाजूंनी बसतो,
चालतो एकाच बाजूनं.
सत्त्याऐंशी साली गजभिये मॅडमनी बजावलं होतं,
तरी आज मी उलटाच लावला.

तेव्हा दोन यंत्रं होती, मधे तीन तारा.
माझं बोलणं तिकडच्या ऐकण्याला जोडायचं,
तिकडचं बोलणं माझ्या ऐकण्याला.
बोलण्याला बोलणंच जोडलं
तर दोघंही बोंबलतात, ऐकत कोणीच नाही.
"आमच्या घरी अस्संच," सुरेखा उईके म्हणाली होती.
तिसरी तार जमिनीची. ती काही सांगत नाही,
पण तिच्यावाचून कोणाचंच काही मोजता येत नाही.

"घड्याळाची तार नाही आपल्याजवळ,
वेग आधीच ठरवून घ्या पोट्टेहो."
मी तीनशेवर, सुरेखा बाराशेवर.
पडद्यावर नुसता कचरा,
आणि आम्ही तो मोठ्यानं वाचून हसलेलो.

रिकामी तार एकवर असते.
सांगायचं असलं की आधी एक शून्य: ऐक.
मग नागपूरचा एन:
शून्य एक एक एक शून्य शून्य एक शून्य.
मग पुन्हा एक, दम घ्यायला.
सगळ्यात लहान बिट आधी जातो.
मोठे मागाहून.

काल रात्री मॅडमचा फोन आला.
झटक्यानंतर त्यांचा एकेक शब्द सुटा पडतो.
आधी नुसता श्वास.
मग कूलरले पाणी येते काय तुमच्याकडे.
मग पोरीची दहावी.
मग म्हणे भिवापूरचं तिखट आणून ठेवलं, घेऊन जा.
मग, "सुरेखाचं आपरेशन आहे. मंगळवारी. मेडिकलले."
आणि गप्प.
मी "बरं" म्हणालो. बरं काय त्यात.

प्लग काढला, फिरवला, पुन्हा लावला.
वेग पंचाहत्तर ठेवला, सगळ्यात कमी,
म्हणजे अक्षरं एकेक पडताना दिसतात.
लॅपटॉपवरून पाठवलं तिचं नाव.
ते तिकडे उमटायला लागलं.

"चालते वाटते," धोंडबाजी म्हणाले.
"मंगळवार म्हणजे उद्याच ना जी?" मी विचारलं.
"परवा," ते म्हणाले, "आज रविवार आहे."